आईला घेऊन पहिली पायी वारी: आधी काय ठरवावं

माऊली, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६८ वर्षांची. बऱ्याच वर्षांचा मधुमेह, गोळ्यांवर साखर आटोक्यात. गावी होती तोवर शेतात राबलेली, आता ठाण्यात तुमच्याकडे असते आणि रोज तासभर चालते. वारीची इच्छा लग्न झाल्यापासूनची. तुम्ही रजा काढून तिच्याबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं ठरवलंय आणि विचारताय की रोज वीस-पंचवीस किलोमीटर तिला झेपेल का, दिंडीत नाव घालावं की मोकळं चालावं, आणि बूट कोणते घ्यावेत.

मी माउलींच्या, म्हणजे संत ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या रथामागच्या एका दिंडीत चालते आणि तिथे बायकांच्या राहण्याची व्यवस्था बघते. दरवर्षी नव्यानं येणाऱ्या बायका माझ्याकडेच सोपवलेल्या असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंतराची धास्ती सगळ्यांनाच असते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि हातात अठराएक दिवस. जन्मभर शेतात वाकलेल्या बाईला हे चालणं जड जात नाही. वारी अर्ध्यावर सोडून घरी परतलेल्या ज्या बायका मी पाहिल्या, त्यांतल्या फार थोड्या चालून थकल्या म्हणून गेल्या. बाकीच्यांचं काय झालं? झोप झाली नाही. पोट बिघडलं. दिवसभर पाणी प्यायल्या नाहीत आणि चक्कर आली. पायाला आलेला फोड चिघळला. तेव्हा आईला एवढं चालवेल का, हे नंतर बघू. ताडपत्रीवर झोपणं, पहाटे तीनला उठणं, उघड्यावर अंघोळ, वेळीअवेळी खाणं हे सगळं सलग अठरा दिवस तिच्या तब्येतीला मानवेल का, हे आधी विचारात घ्या. आणि हेच स्वतःलाही विचारा. बैठं काम करणाऱ्या मुलापेक्षा आई ठणठणीत राहते, असं दरवर्षी दिसतं.

चालण्याबद्दल एक गोष्ट नवख्या माणसाला ठाऊक नसते. वारीत चालण्याइतकंच उभं राहावं लागतं. पालखी स्वतःच्या गतीनं जाते. गावोगाव दर्शनाला थांबते, विसावे होतात, पुढे गर्दी तुंबली की मागची दिंडी जागच्या जागी पावलं टाकत राहते. अठरा किलोमीटरच्या टप्प्याला सकाळी सहाला निघून संध्याकाळचे पाच-सहा वाजतात. त्यानं पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते, पाय सुजतात. तुमच्या सरावात याचा अंदाज येणारच नाही, कारण आपण सराव करतो तो झपाझपा चालण्याचा. निघण्याआधी दोन-तीन महिने सराव करा, पण एका रविवारी वीस किलोमीटर चालून समाधान मानू नका. लागोपाठ चार दिवस सकाळी सात-आठ आणि संध्याकाळी पाच-सहा किलोमीटर चाला, डांबरी रस्त्यावर, थोडं उन्हातही. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना पाय काय म्हणतात, ते खरं उत्तर.

आता दिंडी की मोकळं? तुमच्या बाबतीत माझ्या मनात शंका नाही: दिंडीतच नाव घाला. मोकळं चालणारे हजारो असतात, तरुण असतात, कुठल्याही ओट्यावर पथारी टाकतात, मिळेल ते खातात. मधुमेह असलेल्या वयस्क बाईला ते जमणार नाही. दिंडी म्हणजे तुमचं सामान वाहणारा ट्रक, तळावर आधी पोचून राहुट्या उभारणारी माणसं, ठरल्या वेळचं जेवण, पाण्याचा टँकर, आणि मुख्य म्हणजे रात्री मोजदाद करणारं कोणीतरी. ही शिस्त आजची नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमाराला या सोहळ्याला आजचं रूप दिलं. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे क्रमांकानं चालणाऱ्या कितीतरी, प्रत्येकीची जागा ठरलेली, ती आजही कोणी मोडत नाही.

दिंडीत भिशी, म्हणजे जेवण-राहण्याच्या खर्चाची वर्गणी, भरावी लागते. ती दिंडीगणिक वेगळी असते, त्यामुळे आकडा सांगत नाही. पण नुसत्या रकमेवर दिंडी निवडू नका. दिंडीप्रमुखांना समक्ष भेटा आणि चार गोष्टी खोदून विचारा. बायकांच्या राहुट्या वेगळ्या आहेत का, आणि एका राहुटीत किती जणी झोपतात? अंघोळीला आडोसा असतो की नाही? एखादीला चालवलं नाही तर तिला पुढच्या तळावर नेणारी गाडी आहे का? रात्री-अपरात्री दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर कोण जातं? उत्तरं गुळमुळीत मिळाली तर दुसरी दिंडी बघा. आईच्या माहेरची किंवा सासरची, ओळखीच्या गावची दिंडी मिळाली तर त्यासारखं काही नाही. भाषा, जेवण, चाली सगळं ओळखीचं असतं आणि बायका तिला पहिल्या दिवसापासून आपली मानतात.

इथेच तुमच्या मनातलं एक चित्र जरा बदलावं लागेल. तुम्ही लिहिलंय, “मी दिवसभर आईचा हात धरून चालेन.” दिंडीत तसं होत नाही. पुढे पताकावाले, मग टाळकरी आणि पखवाज, मग विणेकरी, आणि विण्याच्या मागे तुळशी घेतलेल्या आणि इतर बायका, अशी आमची रचना. तुम्ही टाळकऱ्यांत असाल, आई मागे. रात्री ती बायकांच्या राहुटीत, तुम्ही पुरुषांच्या. तुमची भेट विसाव्याला आणि जेवणाला. सुरुवातीला मुलांना हे अवघड जातं, पण मला यात आईचं भलंच दिसतं. मुलगा शेजारी असला की ती त्याच्यासाठी चालते, दुखलं तरी सांगत नाही. बायकांत ती मोकळी होते. तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या वयाची, मुरलेली, तिची सोबत न सोडणारी एक जोडीदारीण आम्हा व्यवस्थेतल्या बायकांकडून मागून घ्या. आईची औषधं कुठे आहेत, साखर उतरली की काय करायचं, हे तिला तुमच्यासमोर सांगा.

मधुमेहाबद्दल मी डॉक्टर नाही, पण जे दरवर्षी डोळ्यांपुढे घडतं ते सांगते. निघण्याआधी आईच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, तळपायाची संवेदना शाबूत आहे का? मधुमेहात ती कमी होते आणि बाईला कळतही नाही. खडा टोचला, डांबर तापलं, चप्पल चावली, काहीच जाणवत नाही. संवेदना कमी असेल तर अनवाणी चालण्याचा नवस असला तरी तो माउलींना हात जोडून सोडवून घ्या. दोन, उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं? हा प्रश्न साधा वाटतो, पण वेळापत्रकात मेख आहे. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, नवमीला पुण्यात, दशमीचा मुक्काम तिथेच, आणि एकादशीला पुणे ते सासवड. म्हणजे तीस किलोमीटरच्या वरचा सगळ्यांत मोठा टप्पा, त्यात दिवे घाट, आणि तोही बहुधा उपासाच्या दिवशी. नेहमीची गोळी घेऊन, मूठभर साबुदाण्याच्या खिचडीवर घाट चढणाऱ्या बाईला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. लोकांना वाटतं, दम लागला. ती साखर उतरलेली असते. अशा वेळी लगेच साखर, गूळ किंवा ग्लुकोज तोंडात, मग खाणं, आणि बरं वाटलं तरी पुढचा घाट गाडीनं. आईच्या कंबरेच्या पिशवीत गुळाचे खडे आणि साखर मोजायचं यंत्र कायम असू द्या. औषधांचे दोन संच करा, एक तिच्याजवळ आणि एक तुमच्याजवळ. ट्रकमधल्या पिशवीत औषध ठेवलं तर संध्याकाळपर्यंत ते हाती लागत नाही, कारण ट्रक पहाटेच पुढच्या तळाला निघून गेलेला असतो.

दुसऱ्या बाजूला साखर चढवणारंही भरपूर आहे. वाटेत माणसं पोटतिडकीनं वाढतात: चहा, केळी, लाडू, बुंदी, शिरा. त्यांना नाही म्हणणं आईला जड जाईल. तिला आधीच सांगून ठेवा की हातात घ्यायचं, कपाळाला लावायचं आणि पिशवीत टाकायचं. संध्याकाळी तळावर ते खाणारी पोरं भेटतात. उघड्यावर कापलेली फळं, बर्फ घातलेलं सरबत आणि दुपारच्या उन्हात उभ्या राहिलेल्या पातेल्यातला भात हे मात्र कोणी कितीही प्रेमानं दिलं तरी नको. वारीत पोट बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा यातच सापडतं.

आता जे बायका मुलांना सांगत नाहीत ते मी सांगते. बायका वारीत पाणी पीत नाहीत, कारण शौचालय कुठे मिळेल याची खात्री नसते. आता मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालयं असतात, पूर्वीच्या मानानं परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. पण रांग लांब असते आणि दोन मुक्कामांमधल्या वाटेवर अजूनही अडचण होतेच. बाई मग सकाळी चहाचे दोन घोट घेते आणि दुपारपर्यंत तोंड बंद ठेवते. लघवीला जळजळ, ताप, चक्कर हे सगळं तिथून सुरू होतं, आणि मधुमेहात ते लवकर होतं. आईच्या बाटलीतलं पाणी संपतंय का, हे विसाव्याला तुम्ही बघा. वाटेतल्या गावांत लोक घराची दारं उघडी ठेवतात. “ताई, जरा आत जाऊ का?” म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. हे विचारायला आईची जोडीदारीण शिकवेल. अंघोळीचंही तसंच. पहाटेच्या गर्दीत अंधारात, चिखलात घसरून पडण्यापेक्षा संध्याकाळी तळावर पोचल्यावर अंघोळ उरकली तर काही बिघडत नाही. पहाटे हातपाय-तोंड धुऊन काकड्याला बसता येतं.

बुटांचं उत्तर सोपं आहे: नवे नकोत. किमान दोन महिने पायात मुरलेले, हलके, बोटांना मोकळी जागा असलेले. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि माप खरं कळतं. सोबत मागे पट्टा असलेली एक सँडल ठेवा, पावसात आणि तळावर फिरायला. मोज्यांचे चार-पाच जोड हवेत. विसाव्याला बसल्याबसल्या बूट काढायचे, पाय पुसायचे, ओला मोजा पिशवीला लटकवायचा आणि कोरडा घालायचा. फोड येतात ते ओलाव्यानं आणि घासण्यानं, अंतरानं नाही. मांड्या घासतात त्यावर व्हॅसलीन आणि साडीखाली गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी, हा उपाय बायका एकमेकींच्या कानात सांगतात. फोडातून सुईदोरा ओवून ठेवायची जुनी रीत तुम्हाला दिसेल, पण आईच्या पायाला ती करू देऊ नका. फोड न फोडता स्वच्छ पट्टी लावा आणि वाटेवरच्या वैद्यकीय पथकाला दाखवा. रोज रात्री बॅटरी घेऊन तिचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघायच्या. एवढा एक नेम तुम्ही धरला तरी तुमच्याकडून तिची मोठी सेवा होईल.

पाऊस आणि ऊन दोन्ही धरून चला. पुणे-सासवडपर्यंत भिजवणारा पाऊस लागू शकतो. नीरा ओलांडून लोणंद, फलटणच्या बाजूला गेलं की मुलूख कोरडा, आणि पाऊस नसेल तर दुपारचं ऊन मे महिन्यासारखं तापतं. पालखी मार्ग चौपदरी झाल्यापासून कडेची जुनी झाडं बऱ्याच ठिकाणी गेली आहेत. पूर्वी दर थोड्या अंतरावर वडा-चिंचेची सावली होती, आता मैलभर ती शोधावी लागते. मला याचं फार वाईट वाटतं. लावलेली रोपं मोठी होईपर्यंत छत्री आणि डोक्याला ओला पंचा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: पूर्ण वारी पहिल्याच वर्षी करायची का? हे आईच्या डॉक्टरांच्या उत्तरावर आणि चार दिवसांच्या सरावावर अवलंबून आहे. पायाची संवेदना चांगली असेल, सरावात साखर स्थिर राहिली, तर आळंदीहून निघा, पण पुणे-सासवडचा टप्पा तिनं दिंडीच्या गाडीतून करावा, असं मी आत्ताच ठरवायला सांगेन. तिथल्या तिथे ठरवायला गेलात तर ती ऐकणार नाही. घाटात शहरातून एका दिवसासाठी आलेल्यांची जी गर्दी असते, तिच्यात चालण्याचा आनंद तसाही कमी मिळतो. डॉक्टर थोडे साशंक असतील तर फलटणला वारीत मिळा. तिथून बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर, शंभरेक किलोमीटर आणि सात दिवस. पुरंदवडे, खुडूस फाटा इथली गोल रिंगणं याच भागात होतात. रिंगणाला आईला कडेपासून दोन रांगा मागे बसवा. माउलींचा अश्व धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला एकदम झुंबड उडते, त्या लोंढ्यात वयस्क बाई सापडू नये.

गाडीत बसलं तर वारी मोडली, असं आई म्हणेल. तिला आठवण करून द्या की २०२० आणि २०२१ साली साथीमुळे खुद्द माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. त्या वर्षी कोणी म्हटलं नाही की वारी चुकली. आमच्या दिंडीत गुडघे गेलेल्या आजीबाई अर्धा टप्पा चालतात, अर्धा गाडीत बसतात आणि तळावर हरिपाठाला सगळ्यांच्या आधी टाळ घेऊन उभ्या असतात. त्यांना कोणी कमी वारकरी मानत नाही.

हरवण्याची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती धरून चाला. गर्दीत मोबाइल लागत नाही. आईच्या गळ्यात एक कार्ड असू द्या: तिचं नाव, तुमचा नंबर, मधुमेह असल्याची नोंद, आणि ठळक अक्षरांत ‘रथामागे दिंडी क्रमांक अमुक’. हा क्रमांक तिला तोंडपाठ हवा. वारीत कोणालाही क्रमांक सांगितला की तो बोट दाखवतो. संध्याकाळची समाजआरती दोघांनीही चुकवू नका. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती जमतात, टाळांचा एकच कल्लोळ चालू असतो. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंच करतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीला काही तक्रार असेल तर तेवढेच टाळ वाजत राहतात आणि चोपदार तिकडे जातात. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि मग आरती. जे हवं ते तिथे कळतं.

पंढरपूरबद्दल आईशी आधीच बोला. आषाढीला पदस्पर्श दर्शनाची रांग दिवस-रात्र चालते. तिच्या वयात आणि मधुमेहात मी त्या रांगेत उभं राहायला सांगणार नाही. चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरी, कळसाचं दर्शन, नगरप्रदक्षिणा, एवढ्यावर लाखो वारकरी तृप्त होऊन घरी जातात. फार इच्छा असेल तर मुखदर्शनाची रांग किती आहे ते बघा, किंवा कार्तिकीनंतर गर्दी ओसरल्यावर तिला पुन्हा घेऊन या.

थोडक्यात क्रम असा लावा: आधी डॉक्टर, मग चार दिवसांचा सराव, मग दिंडीप्रमुखांची भेट, आणि बूट आजच. दिंडीत नावं वैशाखातच भरत येतात, त्यामुळे आषाढाच्या तोंडावर धावपळ करू नका. परतीचं तिकीट एकादशीचं काढू नका. त्या दिवशी एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. द्वादशीला पारणं करून निवांत निघा. घरी आल्यावर पंधरा दिवस आईचे तळवे बघत राहा. वारीत आलेला साधा फोड मधुमेहात उशिरा त्रास देतो. त्या जागी काळसर डाग, पाणी किंवा वास दिसला तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठा.